ओव्हन घरात, इलेक्ट्रिशियन गायब

प्रश्न: कोथरूडला आमचा फ्लॅट आहे, बिल्डिंग १९८६ ची, वायरिंग बहुतेक तेव्हाचंच. किचनचं काम काढलं, ट्रॉल्या नवीन केल्या आणि बरेच दिवस मनात होता तो बिल्ट-इन ओव्हन घेतला, ३५०० वॅटचा. आधी साधा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन) होता, तो फ्रीजशेजारच्या पॉइंटवर चालायचा. कंपनीवाले म्हणाले पॉइंट तयार ठेवा, मग आमचा माणूस येऊन जोडून देईल. ट्रॉलीवाल्याने त्याच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन पाठवला, बोलायला एकदम गोड, मटेरियलचे म्हणून ४००० रुपये आधी घेतले, कटरने भिंत कापली, फ्रीजच्या पॉइंटमधून दोन वायरी बाहेर काढून टोकांना काळी टेप गुंडाळली आणि ‘उद्या येतो काकू’ म्हणून जो गेला तो गेलाच. कधी मेव्हण्याचं लग्न, कधी गाडी पंक्चर, गुरुवारी बोलावलं तर म्हणे गुरुवारी तुमच्याकडे लाइटच नसते, येऊन काय करू. आता फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका मात्र दिसतात. ओटीजी आणि मिक्सर एकदम लावला की किचनचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा हे त्याला सांगितलं होतं, तर म्हणाला त्यात काय, ३२ चा (म्हणजे ३२ अँपिअरचा) टाकतो, परत पडला तर मला सांगा. आमचे हे म्हणतात पैसे अडकलेत, गोडीगुलाबीने त्याच्याकडूनच पूर्ण करून घे. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: काकू, तुमच्या ह्यांचं मत बाजूला ठेवा आणि या माणसाला परत घरात घेऊ नका. तो येत नाही म्हणून नाही हं, न येणं हा पुण्यातल्या निम्म्या कारागिरांचा स्वभाव आहे आणि त्यातले काही हाताचे फार चांगले असतात, त्यांच्यासाठी थांबावं. पण ‘३२ चा टाकतो’ हे वाक्य ज्याच्या तोंडून आलं त्याला वायरिंगमधलं पहिलंच कळलेलं नाही. किंवा कळलंय आणि तुमचं तोंड बंद करायचंय. दोन्ही वाईटच.

एमसीबी असतो भिंतीतल्या वायरीला वाचवायला. त्या काळच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये पॉइंटला दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) नाहीतर त्याहून बारीक वायर ओढलेली असते, काही ठिकाणी तर ॲल्युमिनियमची. पाइपातली दीडची तांब्याची वायर साधारण १४-१५ अँपिअर नीट झेलते. तुमचा ओव्हन ३५०० वॅटचा, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे १५ अँपिअरच्या वर एकटाच खाणार, त्याच वायरीवर फ्रीज आहे आणि मिक्सरही त्याच एमसीबीवर दिसतोय. आज १६ चा एमसीबी असेल तर तो पडतो, आणि पडतो हे बरंच आहे. ३२ चा बसवला तर तो ३६ अँपिअरपर्यंत तासभरसुद्धा पडणार नाही, तशी त्याची रचनाच असते, आणि ४६ वर गेलात तरी पडायला तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. तेवढा वेळ वायर भिंतीत भाजत राहते, तिचं पीव्हीसी ७० डिग्रीला टिकेल असं बनवलेलं असतं आणि इथे तर ते जवळपास चाळीस वर्षं जुनं. घरात सगळं छान चाललेलं दिसतं, केक फुगतो, कुणाला काही कळत नाही. लाइट सारखी जातेय म्हणून आलेला माणूस ती न जाण्याची व्यवस्था करून पैसे घेऊन जातो आणि आपण त्याला चहा पाजतो.

आता आज काय करायचं ते. त्या लोंबणाऱ्या वायरी ज्या एमसीबीवर आहेत तो खाली पाडा आणि काम होईपर्यंत खालीच ठेवा, फ्रीज तात्पुरता हॉलमधल्या पॉइंटला लावा. गुंडाळलेल्या टेपवर विसंबू नका, ओट्याजवळच्या वाफेने आणि तेलाने ती सुटते. भिंतीचे, वायरींचे, डीबीचे (एमसीबी असतात त्या पेटीचे) फोटो काढा. मग त्याला एकच मेसेज टाका, साधा, न चिडता: अमुक तारखेला एवढे पैसे दिले, एवढं काम झालं, अमुक तारखेपर्यंत आला नाहीत तर हिशोब करून उरलेले पैसे परत करा, काम दुसऱ्याला देतेय. निळ्या टिका इथे उपयोगी पडतात, वाचलंय याचा पुरावा राहतो.

पैशांचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण खरं सांगू का, ४००० साठी तुम्ही तारखा मोजत बसाल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा ट्रॉलीवाल्याला धरा. माणूस त्याने आणला, आणि ट्रॉल्यांचा शेवटचा हप्ता द्यायचा राहिला असेल तर तो देण्याआधी हा विषय काढा. बघा कसा फोन लागतो ते.

नवा माणूस शोधताना ओळखीवर जाऊ नका, ओळखीनेच तर हा आला. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय का आणि सरकारी परवाना आहे का हे सरळ विचारा, राग आला तर येऊ दे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे तो आल्यावर काय बघतो. फोनवरच ‘दोन हजारात करून देतो’ म्हणाला तर नको. ओव्हनच्या दारामागची वॅटची पाटी बघायला मागितली, डीबी उघडला, मीटरपासून किती एमएमची वायर वर आलीय ते तपासलं आणि मग कागद मागितला तर चहा टाका. काम काय व्हायला पाहिजे तर डीबीपासून ओव्हनपर्यंत स्वतंत्र लाइन, ४ एमएमची तांब्याची, त्यावर २० चा एमसीबी, अर्थिंगची वायर वेगळी, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर तो. म्हातारा वायरमन आला आणि ‘सात-वीस ओढू’ म्हणाला तर दचकू नका, ती जुन्या मापातली, ४ एमएमच्या थोडी वरचीच.

मटेरियल स्वतः आणा. पसोड्या विठोबापाशी तपकीर गल्लीत गेलात की सगळं मिळतं, गाडी मात्र लांब लावा. गुंडाळी मोठी पडते, तुम्हाला पंधरा-वीस मीटर पुरेल, सुटी कापून मिळते, पण कापताना वायरीवर छापलेलं वाचा, आयएसआयचा मार्क, आयएस ६९४ (हा वायरीच्या मानकाचा नंबर) आणि एमएम. बिल घ्या. इलेक्ट्रिशियन ‘मी आणतो, मला स्वस्त पडतं’ म्हणतात तेव्हा त्यांना स्वस्त पडतं हे खरंच असतं.

मजुरी तीन भागांत द्या, शेवटचा भाग कंपनीचा माणूस ओव्हन जोडून गेल्यावर. तो न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजेल, ते दोन-तीनच्या आसपास असावं, तीस-चाळीस दिसलं तर तुमची अर्थिंग नावालाच आहे. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तोही बघा, गीझर, एसी धरून बेरीज त्याच्या वर जात असेल तर भार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल.

आणि एक, पावसाळ्यात ओव्हन बरेच दिवस बंद राहिला तर आतल्या कॉइलला ओल धरते आणि पहिल्यांदा लावताना आरसीसीबी पडू शकतो. तेव्हा कुणी ‘हा काढूनच टाकू’ म्हणालं तर त्यालाही दरवाजा दाखवा.

प्रश्न: वाकडला भाड्याने राहतो. नवीन इंडक्शन घेतलं, २००० वॅटचं, प्लग जाड पिनेचा. मालकाच्या इलेक्ट्रिशियनने दोन वेळा टांग दिली, मग दुकानातून कन्व्हर्टर आणून मिक्सरच्या पॉइंटला लावलंय. चालतंय. ठीक आहे ना?
– एक वाचक, वाकड

उत्तर: नाही. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर आणि मिक्सरचा पॉइंट ६ चा. स्वयंपाक झाल्यावर इंडक्शन बंद करून, बटण बंद करून प्लगला हात लावून बघा, कन्व्हर्टर गरम लागेल, काही दिवसांनी पिवळा पडेल. आजच काढा. किचनमध्ये १६ चा पॉइंट कुठे आहे ते शोधा, वाकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये मायक्रोवेव्हसाठी बहुतेक एक असतोच, कपाटामागे गेलेला असतो. नसेल तर मालकांना व्हॉट्सॲपवर लिहून विचारा की मी माझा माणूस आणून पॉइंट करून घेतो, खर्च भाड्यातून वळता करू का. फोनवर विचारू नका, डिपॉझिट परत घेताना फोनवरचं कुणाला आठवत नाही.