पुढच्या महिन्यात दोनच पुस्तकं

प्रश्न : ताई, महिना सरत आला की आगामी कादंबऱ्यांच्या याद्या येतात. वीस-पंचवीस नावं आणि सगळीच 'बहुप्रतीक्षित'. माझी महिन्याला जेमतेम दोन पुस्तकं वाचून होतात. गेल्या महिन्यात दोन्ही फसली. पुढच्या महिन्यासाठी काय निवडू?

उत्तर : दोनच होतात हे सांगितलंत ते बरं केलंत. एक जागा अनुवादाला द्या आणि दुसरी कुणाच्या तरी पहिल्यावहिल्या पुस्तकाला. निवडताना पाठराखण, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानावरचा कौतुकाचा मजकूर, बाजूला ठेवा, नमुन्याची पानं वाचा.

अनुवादावर माझा जीव आहे. अनुवादित पुस्तक बहुतेक वेळा मूळ भाषेत वाचकांच्या हातून जाऊन आलेलं असतं. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' हिंदीत २०१८ साली आली, डेझी रॉकवेल यांचा इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये आणि इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार २०२२ मध्ये. इंग्रजीत जी 'नवी' होती, ती हिंदी वाचकांनी तीन वर्षं आधीच वाचली होती. २०२५ मध्ये हाच सन्मान मिळालेल्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा तर १९९० ते २०२३ या काळातल्या. कथासंग्रहाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ, तेव्हा यादीतले कथासंग्रहही वगळू नका. या पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. तुम्हीही अनुवादकाचं नाव तितक्याच आस्थेनं पाहा. एखाद्याचा अनुवाद आवडला असेल, तर त्याच्या पुढच्या कामाची वाट बघायला हरकत नाही.

पहिल्या पुस्तकाचं जरा अवघड असतं. लेखकाचं नाव ओळखीचं नसतं, म्हणून मागचं पान इतरांच्या कौतुकानं भरतात. मागे एकदा त्या कौतुकावर विसंबून मी प्रकाशनपूर्व नोंदणी केली होती. चाळिसाव्या पानावर कादंबरी मिटली. प्रत्येक वाक्य मला सांगत होतं, आता वाईट वाटू दे. तेव्हापासून मी आधी तीन पानं वाचते.

त्याच सुमारास एका नव्या लेखिकेचा कथासंग्रह नमुन्यापुरता उघडला. पहिल्या पानावर एक आई मुलाचं दप्तर धुवायला घेते. बाहेरच्या कप्प्यात पेन्सिलीचा भुगा आणि टोकाला चावलेली एक पट्टी असते. ती भुगा झटकत नाही, कागदाच्या पुडीत बांधून ठेवते. मुलाचं काय झालं, याबद्दल त्या पानावर अक्षरही नाही. मी ते पुस्तक येईपर्यंत दिवस मोजले.

तुम्ही हेच शोधा. पानावर वस्तू दिसतात का, माणसं आपापल्या तोंडानं बोलतात का, आणि तिसरं पान संपताना चौथं हवंसं वाटतं का.

नमुन्यात कॉपीराइटचं पान असेल तर प्रथमावृत्तीचं साल जरूर बघा. नवं मुखपृष्ठ घालून आलेली जुनी कादंबरीही या याद्यांत असते. ती वाईट असते असं नाही, पण त्यासाठी पुढचाच महिना अडवायची गरज नाही.

आणि तुमच्या आवडत्या, गाजलेल्या लेखकाची नवी कादंबरी यादीत असेल तर? दोन-तीन महिने थांबा. ती कुठं जात नाही आणि तोवर भोवतालचा गलबलाही ओसरतो. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मात्र पहिल्याच महिन्यात वाचक लागतो.