स्वतःला न दिसणारे स्वतःचे दोष ओळखायचे कसे?

रोज रात्री आत्मपरीक्षण करूनही त्याच चुका पुन्हा होतात, मग न दिसणारे दोष शोधायचे कुठे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, ते नुसत्या आत्मपरीक्षणात सापडतच नाहीत.

मी कित्येक वर्षं डायरी लिहितोय. माझा राग, माझा आळस यांवर तिच्यात पानंच्या पानं आहेत. मी लोकांचं बोलणं मध्येच तोडतो, याबद्दल मात्र एक ओळही नाही. ते कळलं एका बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकताना. इतिवृत्त लिहायचं होतं म्हणून ऐकायला घेतलं, तर एक सहकारी तीनदा बोलायला सुरुवात करते आणि तिन्ही वेळा तिचं वाक्य मीच पुरं करतो. तिसऱ्यांदा तर चुकीचं. त्यानंतर ती बोललीच नाही. माझ्या आठवणीत मात्र मी तिला मदत केली होती!

डोळ्यातही असंच होतं. दृष्टीची नस जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. तरी समोर भोक दिसत नाही, कारण आजूबाजूचं पाहून मेंदू ती जागा भरून टाकतो. स्वभावातली अशी जागा आपण चांगल्या हेतूने भरतो. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली हेच दाखवलं: पूर्वग्रह दुसऱ्यांत जास्त आहेत आणि आपल्यात कमी, असं बहुतेकांना वाटतं. दुसऱ्याची आपण वागणूक पाहतो, स्वतःचा हेतू.

म्हणून वागणुकीचा पुरावा गोळा करा. जुने मेसेज वाचा, रेकॉर्डिंग ऐका. माणसांना विचाराल तेव्हा 'माझं काय चुकतं?' असं मोघम विचारू नका; 'छे, काही नाही' हेच उत्तर येईल. ठरावीक प्रसंगाबद्दल विचारा: 'कालच्या चर्चेत तुमचं काही सांगायचं राहिलं का?' तेही अशा माणसाला, ज्याला तुमच्यापुढे बोलायला अवघड जातं. आणि उत्तर आल्यावर खुलासा करू नका. हे फार कठीण आहे, मला अजून जड जातं. पण एकदा खुलासा केलात, की तो माणूस पुन्हा खरं सांगणार नाही.

मी त्या सहकारीला विचारलं, तेव्हा ती आधी 'तसं काही नाही' म्हणाली. आठवड्याने स्वतःहून आली आणि म्हणाली, "तुम्ही असलात की मी निम्मे मुद्दे आधीच गाळून येते."