गरोदर आहेस कळल्यावर राजीनामा मागतायत?

आधी अभिनंदन! आता एकच ठामपणे सांगते: राजीनाम्यावर सही करू नकोस. "आत्ता सोड, बाळ मोठं झालं की परत घेऊ" असं अगदी गोड बोलून सांगतात. पण सही केलीस की कागदावर तू स्वतःहून गेलीस, आणि दबाव होता हे सिद्ध करत बसायचं तुलाच. बहुतेकजणी इथेच फसतात.

सध्या एवढंच बघ:

- प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत तिथे 80 दिवस काम झालंय का? मग पगारी रजा हा हक्क आहे. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8. प्रोबेशनचं कारण चालत नाही. कंत्राटावर असलीस तरी घाबरू नकोस, 2023 मध्ये कविता यादव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कंत्राट संपल्यानंतरच्या काळाचाही लाभ द्यायला लावला.
- रजेचा अर्ज लेखीच दे, डॉक्टरांच्या दाखल्यासह. एचआर मुद्दाम फोनवर बोलतात (लेखी काही राहू नये म्हणून!), तेव्हा त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" असा मेल टाक.
- पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, जुने अप्रेझल आजच घरी आणून ठेव.

रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. तसं पत्र आलंच तर 60 दिवसांच्या आत दाद मागायची असते, त्यामुळे लगेच कामगार कार्यालय गाठ.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का? तसं असेल तर पैसे ईएसआयसी (हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ) देते आणि अटी थोड्या वेगळ्या आहेत. स्लिप बघून कळव.