ब्रेक धड नसलेला ट्रक मालक रस्त्यावर काढायला सांगतोय; ड्रायव्हर नाही म्हणू शकतो का?

हो, जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तर नाही म्हणता येतं, आणि त्यापायी नोकरीवर गदा येऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्र. १५५ मधलं कलम १३ हेच सांगतं. कलम १९ नुसार धोका लगेच वरिष्ठांना कळवायचा. तो दूर होईपर्यंत मालक पुन्हा त्याच कामावर जायला भाग पाडू शकत नाही. म्हणून कळवणं लेखीच हवं. नुसतं ‘ब्रेक खराब’ लिहू नका. ‘इंजिन बंद असताना हवेच्या प्रेशरचा काटा भराभर उतरतोय, मागच्या पाइपातून फुसफुस आवाज येतोय’ असं लिहा, नंबरप्लेटसकट व्हिडिओ काढा, मेसेज जपून ठेवा. हा करार २०२२ पासून मूलभूत मानला जातो, पण दाद मागायची ती आपल्या देशाच्या कायद्याखालीच, आणि तक्रारीची मुदत काही ठिकाणी फार कमी असते. कामावरून काढलंच तर त्याच आठवड्यात कामगार वकील किंवा युनियन गाठा. दबावाखाली ती गाडी मात्र काढू नका, समोरून येणाऱ्यांचाही जीव त्यात असतो.