जुनं, विंटेज रिव्हॉल्व्हर विकत घेताना नेमकं काय तपासावं?

वरची चकाकी शेवटी बघा. आधी सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचा फिरता भाग, उघडून त्यातली गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा. मग विक्रेत्याला विचारून घोडा (मागचा हॅमर, चाप नव्हे) सावकाश मागे ओढा. तो मागे अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर पक्का बसलाच पाहिजे. प्रत्येक घरासाठी हे करा, कारण कधी एखादंच घर नळीच्या अगदी समोर येत नाही आणि तिथे गोळी नळीच्या तोंडाला घासून शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर पुढेमागे हलतो का, नळीच्या मागच्या तोंडाशी चीर आहे का, आत गंजाचे खड्डे आहेत का, तेही पाहा.

कोरीव अक्षरं पुसट आणि कडा बोथट दिसल्या, तर घासून नव्याने ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलंय. संग्राहकांच्या लेखी अशाची किंमत बरीच उतरते.

वेब्ली मार्क ६ हे जुनं ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची मागची बाजू तासलीय का, हे बघाच. मूळच्या .४५५ काडतुसाऐवजी .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस चालावं म्हणून अनेक रिव्हॉल्व्हरं तशी तासली गेली, पण त्या काडतुसाचा नेहमीचा दाब त्यांना झेपणारा नाही.

परवाना आणि अनुक्रमांक जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.