शेवट ठाऊक असताना लोक ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मालिका का वाचतात?

तुम्ही विचारलंय की हजार-हजार पानांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, त्याही एकामागोमाग तीन-चार, एवढ्या खपतात कशा? कोण जिंकलं, कोण मेलं हे तर आधीच माहीत असतं.

मीही पूर्वी असंच म्हणायचो, जरा नाक मुरडूनच. मग एकदा तापानं अंथरुणाला खिळलो असताना केन फॉलेटची 'द पिलर्स ऑफ द अर्थ' (१९८९) हातात पडली. ताप उतरला तरी मी उठलो नाही.

गोष्ट बाराव्या शतकातल्या इंग्लंडची. ११२० मध्ये एक जहाज बुडालं, त्यात राजाचा औरस मुलगा गेला आणि पुढे गादीवरून वर्षानुवर्षं यादवी माजली. हे सगळं खरं घडलेलं. पण कादंबरी घडते किंग्जब्रिज नावाच्या काल्पनिक गावात, आणि तिथल्या माणसांना काळजी असते ती कॅथेड्रलच्या बांधकामाची. पैसे मिळतील का, दगड मिळेल का, छत टिकेल का. गादीचं काय झालं ते इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. गवंड्याच्या घरादाराचं काय झालं ते मात्र फक्त इथेच कळणार, म्हणून पान उलटावंच लागतं. ही युक्ती रुळवली ती वॉल्टर स्कॉटनं, १८१४ च्या 'वेव्हर्ली'त: राजेरजवाडे कडेला, आणि मधोमध एक कल्पित, बेताच्या वकुबाचा तरुण.

एवढ्यानं एक कादंबरी वाचून होते. मालिकेची ओढ वेगळी, आणि ती मला दुसऱ्या भागात कळली. 'वर्ल्ड विदाउट एंड' (२००७) त्याच गावात सुरू होते, पण साल असतं १३२७. पहिल्या भागातलं कुणीही जिवंत नाही. कॅथेड्रल उभं आहे, लोक रोज त्यात ये-जा करतात. ते बांधताना कोण कुणाशी भांडलं, कुणी त्यापायी काय गमावलं, हे त्यांना कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. त्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस मीच होतो! शिवाय १३४८ साली प्लेग येणार हेही मला ठाऊक, त्यांना नाही. लग्नं ठरताहेत, पूल बांधायचे बेत होताहेत, आणि मी मनातल्या मनात वर्षं मोजतोय.

म्हणजे तुम्ही ज्याला अडचण म्हणता, तीच खरी गंमत आहे. आपल्याकडे 'स्वामी' (१९६२) हातात घेणाऱ्या किती जणांना माधवराव १७७२ मध्ये, ऐन तारुण्यात जाणार हे माहीत नसतं? त्यामुळेच रमाबाईंबरोबरचे साधे प्रसंगसुद्धा जड होतात.

लांबीबद्दल म्हणाल, तर ती दर वेळी पानं भरण्यासाठी नसते. टॉलस्टॉयला लिहायचं होतं १८५६ मध्ये सैबेरियातून परतणाऱ्या एका डिसेंब्रिस्टावर, म्हणजे रशियाच्या झारविरुद्ध बंड करून हद्दपार झालेल्या माणसावर. त्याला समजून घ्यायला तो १८२५ च्या बंडाकडे गेला, तिथून नेपोलियनच्या स्वारीच्या १८१२ कडे, तिथून १८०५ कडे. 'वॉर अँड पीस' सुरू होते ती १८०५ मध्ये. मूळ नायकाची परतीची वेळ त्यात येतच नाही. आजोबांची एक गोष्ट सांगायला बसावं आणि पणजोबांवरच रात्र सरावी, तसं.

खोट आहेच. फॉलेटचे खलनायक इतके काळेकुट्ट की कधी कधी हसू येतं, आणि त्याच्या नायिका मध्ययुगात राहून बऱ्याचदा आजच्यासारखा विचार करतात. आणखी एक: कादंबरीतले संवाद लोक इतिहास म्हणून ऐकवतात, तेव्हा मात्र मी वाद घालतो. तारखा आणि लढाया बहुधा कागदपत्रांतून येतात, पण बंद दाराआडचं बोलणं लेखकाचंच असतं.

वाचायला घेणार असाल तर एकच सांगतो. अशा मालिकांच्या आरंभी पुष्कळदा वंशवृक्ष छापलेला असतो. तो आधी पाहू नका. राजा कधी मेला हे कळलं तर चालतं. पण मी एकदा सहज नजर टाकली आणि धाकट्या बहिणीच्या नावाखाली रेघच नाही हे तिच्या जन्माआधीच कळून बसलं.