गळती कुठून, आणि मुदत कुठून?

पॅकिंग झाले, सील झाले, तरी इंजिनखाली ऑइलचे ठिपके पडतच आहेत आणि आता वर्कशॉपने वॉरंटी संपल्याचे पत्र हातावर ठेवले आहे, तेव्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल का, असे विचारणारी पत्रे ट्रकमालकांकडून सतत येतात. कराडहून आलेले तुमचे पत्रही त्याच स्वरूपाचे आहे. मात्र तुम्ही चार जॉब कार्डांची, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रांची, छायाचित्रे सोबत जोडली, हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रकरणाचा निकाल बहुधा त्यांतील एका ओळीवर लागणार आहे.

ट्रक धंद्याचा असल्यामुळे तुम्ही ग्राहक ठरत नाही, हा आक्षेप समोरचा पक्ष घेईलच. त्याला फार घाबरू नये. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही आणि ट्रक विकत घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे, हे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालातच दिलेले आहे. तुमचा एकच ट्रक आहे, स्टिअरिंगवर तुम्ही असता आणि मदतीला क्लीनर असतो, हे तक्रारअर्जात स्पष्ट शब्दांत लिहा. घरात दुसऱ्या कोणाच्या नावावर आणखी गाड्या असतील तर मात्र हे मत मला तपासून पाहावे लागेल.

खरी अडचण याच कायद्याच्या कलम ६९ ची आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. वॉरंटी नाकारणारे पत्र सप्टेंबर २०२५ चे आहे, म्हणून सप्टेंबर २०२७ पर्यंत सवड आहे, असा तुमचा हिशेब दिसतो. समोरचे वकील पहिल्या जॉब कार्डाकडे, म्हणजे एप्रिल २०२३ कडे बोट दाखवतील. त्या दिवशी ३८,००० किलोमीटरला तुम्ही ‘ऑइल गळते’ अशी तक्रार लिहवून घेतली होती. तो दिवस धरला तर तुमची मुदत नकाराचे पत्र येण्याआधीच संपलेली होती. मधल्या काळात तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ती वाढत नाही, आणि आता वकिलाची नोटीस पाठवल्यानेही ती थांबणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक तारीख आहे, आणि ती तुमच्या चौथ्या कार्डावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये टॅपेट कव्हरचे (इंजिनवरच्या झाकणाचे) पॅकिंग बदलले, नोव्हेंबरमध्ये चेंबरचे (इंजिनच्या तळाच्या ऑइलपात्राचे), आणि जून २०२४ मध्ये गिअरबॉक्स उतरवून क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑइल सील बदलले. प्रत्येक वेळी दोष सापडला आणि दूर झाला असेच तुम्हाला सांगण्यात आले. १९ फेब्रुवारी २०२५ च्या कार्डावर मात्र निळ्या बॉलपेनाने, अर्धी ओळ अंगठ्याच्या काळ्या ठशाखाली गेलेली असली तरी वाचता येईल अशी, नोंद आहे : ‘ब्रीदरमधून प्रेशर जास्त, बॅक कॉम्प्रेशन चेक करणे’. म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून जास्त दाब येत होता आणि पिस्टनवरचे वायू खाली उतरतात का, हे पाहायचे होते. दोष सीलमध्ये नसून इंजिनच्या आत असावा, हे तुम्हाला प्रथम त्या दिवशी कळले, असा युक्तिवाद मी करीन. तो आयोगाने मान्य केला तर दोन वर्षे फेब्रुवारी २०२७ मध्ये पुरी होतात. मान्य होईलच असे मी म्हणत नाही. म्हणून तक्रारीसोबत विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडावा, आणि दाखल करण्याचे काम पुढच्या खेपेनंतर नव्हे, तिच्या आधी उरकावे.

हा युक्तिवाद टिकायचा तर गळतीचा उगम पुराव्याने दाखवावा लागेल. वाऱ्याच्या झोताने ऑइल मागे आणि खाली पसरते, म्हणून ठिपका क्लच हाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली, दिसला की सगळे क्रँक सीलला दोष देऊन मोकळे होतात. शोधायची असते ती सर्वांत वरची ओली जागा. इंजिन धुऊन पूर्ण कोरडे करावे, ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून गाडी चालवावी आणि अतिनील दिव्याखाली माग काढावा. त्याच वेळी चेंबरमधील दाब गेजने मोजून घ्यावा. पिस्टनच्या रिंगांमधून वायू खाली उतरत असतील, तर तो दाब सर्वांत कमकुवत सीलमधून ऑइल बाहेर ढकलत राहतो आणि नवे सीलही टिकत नाही. नुसता ब्रीदर पाइप तुंबलेला निघाला, तर दावा दुरुस्तीच्या खर्चापुरता उरतो, हेही आधीच समजून घ्या.

रिंगा इतक्या लवकर झिजल्याचे निघाले, तर एअर फिल्टर वेळेवर न बदलल्याने धूळ आत गेली, असे उत्तर ठरलेले आहे. फिल्टरची बिले तुम्ही ‘बहुतेक दिवाळीच्या साफसफाईत गेली’ असे लिहिता. लाखो रुपयांच्या ट्रकची बिले रद्दीत जावीत, याला काय म्हणावे! दुकानदाराकडून दुय्यम प्रती मिळवा. २०२४ च्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये चेंबर उघडवून घेतलात, तेही तुमच्या विरोधात वापरले जाईल. त्याचा किती परिणाम होईल हे वॉरंटी पुस्तिकेचे पूर्ण पान पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

ट्रकची किंमत तुम्ही ३२ लाख रुपये लिहिली आहे, म्हणून तक्रार जिल्हा आयोगाकडे, १,००० रुपये शुल्क भरून, साताऱ्यातच करता येईल. विक्रेता पुण्याचा असला तरी हरकत नाही. कलम ३८ खाली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणीची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा. तपासणी असलेल्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. त्या हिशेबाने कर्जाच्या हप्त्यांचे नियोजन करू नका, मी तारखांवर तारखा पाहत आलो आहे. नवा ट्रक मागण्याचाही हट्ट धरू नका. दोष असलेला भाग बदलून काम भागत असेल तर अख्खे वाहन बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे. इंजिनची दुरुस्ती किंवा बदल, झालेला खर्च आणि उभ्या गाडीचे नुकसान इतकेच मागा.

तपासणी होईपर्यंत इंजिन कोणालाही उघडू देऊ नका. ऑइल भरावे लागेल तेव्हा लिटर, किलोमीटर आणि बिल वहीत नोंदवत चला. चौथे कार्ड तुमच्याकडे कार्बन प्रत म्हणून आहे आणि छायाचित्रात ते आत्ताच फिके दिसते आहे, तेव्हा वर्कशॉपकडे मूळ कार्डाच्या शिक्का मारलेल्या प्रतीची मागणी याच आठवड्यात स्पीड पोस्टाने करा आणि पोचपावती मला पाठवा.